सफाई खात्याची सरबराई

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या नंदगडपासून समुद्र शंभराच्या वर किलोमीटर, आणि तोही घाट उतरून. आमचा सगळा व्यवहार गोड्या पाण्याचा. तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावकडे म्हादई, आणि जून ते सप्टेंबर आभाळातून एवढं पाणी येतं की आणखी पाणी घरात साठवून ठेवावं असं शहाण्या माणसाच्या मनात येऊ नये. माझ्या पुतण्याच्या आलं. २०२०च्या टाळेबंदीत तो पुण्याहून कॉम्प्युटरसकट घरी आला. पुढे कंपनीने परत बोलावलं नाही आणि त्यानेही आठवण करून दिली नाही. हातात वेळ आणि घरात सोपा, दोन्ही मोकळे. त्या सोप्यात त्याने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली.

आता गावात आमचे पाव्हणे आले की त्यांना दोन ठिकाणं दाखवतात. एक संगोळ्ळी रायण्णांची समाधी आणि दुसरी ही टाकी. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या रायण्णांना १८३१ साली इथे फाशी दिलं; त्यांच्या समाधीजवळचा वड बघायला लांबलांबून माणसं येतात. टाकी बघायला मुख्यतः नातेवाईक येतात, तेही चहाच्या वेळेला.

टाकी दोनशे लिटरची. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ धरलं तर सात किलो होतं. आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, ‘‘सात किलोत गल्लीचं लोणचं हुतंय की रे. चार माशांना एवढं कशाला?’’ बरं, ते मीठही आपलं नव्हे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, आणखी कायकाय असतं. ते सगळं ठराविक मापात घातलेली पूड परदेशातून पिशवीत येते. शेजारच्या गोव्यात मिठागरं असताना परदेशी मीठ मागवणारा मुलगा आपल्या पोटी जन्मला, हे दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, अजून पचलेलं नाही.

मासे आले आणि थोड्याच दिवसांत वाळूवर, दगडांवर तपकिरी थर चढला. ‘‘काका, हे डायटम. नवीन टाकीत येतातच. ही एक स्टेज आहे,’’ पुतण्या म्हणाला. ती स्टेज गेली आणि दगडांना हिरवे केस फुटले. ही पुढची स्टेज. या छंदात वाईट असं काही होतच नाही, फक्त स्टेज येतात.

शेवाळ येतं कशावर, ते एकदा समजून घेतलं पाहिजे. माशांनी न खाल्लेलं कुजतं, खाल्लेलं दुसऱ्या वाटेने येऊन कुजतं, त्याचा अमोनिया होतो. जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि तिथे बहुतेकांची ड्यूटी संपते. उरलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात राहतं, त्यावर शेवाळ पोसतं. थोडक्यात, जेवढं खाणं तेवढं शेवाळ. आणि आमच्या घरात जास्तीच्या खाण्याचा उगम आई आहे. दिवसातून एकदा चिमूटभर, हे तिच्या मते खायला घालणं नव्हे, उपासाला बसवणं आहे. काचेजवळ गेलं की मासे तोंड वर करून येतात. ‘‘बघ, मागालेत,’’ म्हणून ती पुन्हा घालते. पुतण्याने खाण्याचा डबा लपवला. स्वयंपाकघर सांभाळण्यात आयुष्य घातलेल्या बाईपासून डबा लपवणं हे कॉम्प्युटरच्या माणसालाच सुचू जाणे. डबा सापडेपर्यंत तिने भाताच्या शितांवर भागवलं.

आजीला ‘घालू नको’ म्हणण्याची हिंमत आमच्या घरात कोणातच नाही. मग पुतण्याने दुसरा मार्ग काढला. आजीचं प्रेम खाऊन टाकणारे कर्मचारी नेमायचे. त्यांना क्लीनअप क्रू म्हणतात.

युक्ती जुनी आहे. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती माशांना प्राणवायू देणार, मासे वनस्पतीला खत देणार, हिशेब चोख. पण पानं कुजायला लागली आणि सगळ्यावर हिरवा बुळबुळीत थर आला. तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं, आणि १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. गोगलगायींनी पुढे अंडी घातली, ती आणि पिल्लं माशांनी खाल्ली. कामगाराला पगार म्हणून कचरा आणि त्याची पोरंबाळं मालकाच्या पोटात. अशा व्यवस्थेला विज्ञानात समतोल म्हणतात. चार वर्षांनी फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाने मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि साहेबांच्या घराघरांत काचेच्या टाक्या आल्या. किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी लोकांनी इतकी ओरबाडली की गॉसच्याच मुलाने १९०७ साली आपल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. शाळेच्या सहलीत पिढ्यान् पिढ्या पोरांनी त्या काचांना नाकं लावली; काच आतून कोण पुसतं, हे विचारल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

तर आमच्या कर्मचाऱ्यांची पहिली तुकडी मुंबईहून रात्रीच्या बसने थर्मोकोलच्या खोक्यात बेळगावला उतरली. पुतण्या पहाटे त्यांना उतरवून घ्यायला गेला. सख्ख्या आत्याला आणायला गेलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. घरी आल्यावर खोकं फोडून जीव टाकीत सोडायचे, एवढंच आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं. खारेपणा एकदम बदलला तर गोगलगायी मरतात. म्हणून त्या बादलीत ठेवायच्या आणि टाकीचं पाणी बारीक नळीने त्यांच्यावर थेंबथेंब सोडायचं, दोनेक तास. दादा दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘‘जावई आला तवा पाय धुवायला एवढा येळ लागला न्हवता.’’

सगळ्यात आधी कामाला लागल्या त्या टर्बो. लिंबाएवढ्या गोगलगायी, आणि कामाला वाघ. काचेवरून जाताना जिभेच्या पट्ट्यावरच्या दातांनी शेवाळ खरवडत जातात आणि मागे नागमोडी स्वच्छ रेघ सोडतात. या दातांना हसू नये. यांच्या लांबच्या भाऊबंदांपैकी लिंपेट म्हणून एक खडकाला चिकटून राहणारी जात आहे. २०१५ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाने तिचे दात तपासले, तर तोवर माहीत असलेल्या सगळ्या जैविक पदार्थांत ते बळकट निघाले. टर्बोची अडचण दातांची नाही, चालण्याची आहे. घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्याने वळताना मागचा विचार करावा, तो ती करत नाही. पुतण्या दिवसभर दगडांची सुंदर रचना करतो आणि टर्बो रात्रीत ती तिच्या पद्धतीने लावून ठेवते.

अ‍ॅस्ट्रिया नावाची दुसरी गोगलगाय शिस्तीची, आटोपशीर. तिला एकच जमत नाही. दगडावरून पडून उताणी झाली की तिला पालथं होता येत नाही. तशीच पडून राहते, आणि तशीच मरते. म्हणून रोज सकाळी कोणीतरी टाकीत हात घालून पडलेल्यांना पालथं करावं लागतं. हे काम आईकडे आलं, कोणी दिलं नव्हतं. तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, आणि मग प्लास्टिकचा लांब चिमटा घेऊन टाकीची फेरी. गुडघे दुखतात म्हणून देवळात जायचं बंद केलेली बाई टाकीपुढे स्टुलावर चढते. ‘‘ही कालचीच हाय,’’ असं एकदा तिने एका गोगलगायीला ओळखलं. ट्रोकस जातीची गोगलगाय आपली आपण पालथी होते, तीच घ्यावी असं जाणकार सांगतात. पुतण्याने तसं सुचवून पाहिलं. आईला पटलं नाही. ज्याला आपली गरज नाही त्याचं करायचं काय, असा तिचा चेहरा झाला.

तिसरी नासारियस. ही वाळूत पुरून बसते, फक्त श्वासाची सोंड वर. टाकीत खाण्याचा वास सुटला की वाळू ठिकठिकाणी फुटते आणि सगळ्या बाहेर. शेवाळाला मात्र तोंड लावत नाहीत. ते त्यांचं काम नव्हे. या खात्यात कामाची वाटणी फार कडक आहे. पाचूच्या रंगाचा एक खेकडा मिळतो, तो बुडबुड्यांसारखं दिसणारं एक शेवाळ खातो. पेपरमिंट नावाची कोळंबी आयप्टेशिया नावाचा फुलासारखा दिसणारा एक उपद्रवी जीव खाते, खाल्ला तर. क्लीनर कोळंबी फक्त माशांचं अंग साफ करते; मोठा मासा तिच्यापुढे तोंड उघडून उभा राहतो आणि ती आत शिरून दात कोरून देते. वाळू ज्याची त्याची, काच ज्याची त्याची. पण डाव्या कोपऱ्यात पंपामागे जे हिरवं केसाळ माजलेलं आहे, ते कोणाच्याच हद्दीत येत नाही. सीमाभागात राहणाऱ्याला याचं नवल वाटू नये. आमच्या हद्दीचा प्रश्न १९५६पासून लोंबकळतोय आणि २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या कोपऱ्यानेही जरा धीर धरावा.

मग आले हर्मिट क्रॅब, रिकाम्या शंखात राहणारे खेकडे. हे खरोखर काम करतात. उष्टंमाष्टं उचलतात, शेवाळ ओरपतात, फटीत हात घालतात. वाढले की मोठा शंख लागतो. समुद्रकाठी एखादा मोठा शंख रिकामा सापडला की हे उंचीप्रमाणे रांग लावतात. पहिल्याने घर बदललं की मागचे सगळे एकेका घरात पुढे सरकतात, असं अभ्यासकांनी पाहिलंय. टाकीत रांगेला जागा कुठली? तिथे सोपा उपाय म्हणजे जिवंत गोगलगायीला खाऊन तिचं घर घेणं. म्हणून पुतण्याने गोव्याच्या किनाऱ्यावरून वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख आणून वाळूवर मांडले. एका खेकड्याने ते सगळे आतून-बाहेरून तपासले आणि दुसऱ्या दिवशी एक टर्बो खाऊन तिच्या घरात राहायला गेला. आई म्हणाली, ‘‘रिकामी ठिवलीस तरी लोकाचंच पायजे त्येला. मी वळखते असली माणसं.’’ कोणाला उद्देशून म्हणाली ते आम्ही विचारलं नाही. भाऊबंदकीची केस निकालात निघून फार दिवस झालेले नाहीत.

दादांचा खेकड्यांशी संबंध वेगळा. वळवाचे चार थेंब पडले की बॅटरी आणि पोतं घेऊन ओढ्याकडे जाणाऱ्यांपैकी ते आहेत. हर्मिट क्रॅबची किंमत त्यांना कळली तेव्हा ते बराच वेळ काचेजवळ बसले. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘रस्सा हुतोय का ह्येचा?’’

मेलेली गोगलगाय ही आणखी एक भानगड. ती जिवंत असतानाही फारशी हलत नाही. पण मेली असेल आणि वेळेवर काढली नाही, तर कुजून पाण्यात अमोनिया होतो आणि सफाई करायला आणलेला प्राणीच टाकी नासवतो. खात्री करायची एकच घरगुती पद्धत आहे, बाहेर काढून वास घ्यायचा. आमच्या वहिनींनी एकदा सकाळी मुलाला गोगलगाय नाकाशी धरून डोळे मिटून उभं असलेलं पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही; संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, ‘‘भावोजी, ह्याचं लग्न आता लवकर बघायला पाहिजे.’’

वाळूसाठी समुद्रकाकडी फार चांगली, असं पुतण्याच्या वाचनात आलं. ही वाळू गिळते, तिच्यातली घाण पचवते आणि स्वच्छ वाळू मागून सोडते. दिसायला ओबडधोबड, पण काम सोन्याचं. अडचण अशी की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि २००१ साली समुद्रकाकडी त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली; दगडी प्रवाळही त्याच वर्षी गेलं. आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. तिथला वाघ ज्या अनुसूचीत, तिच्यातच ही काकडी. वाघासाठी आलेली वनखात्याची जीप काकडीसाठी आमच्या गल्लीत उभी राहिली तर गावाला काय सांगायचं, हा प्रश्न दादांनी उपस्थित केला आणि तो योग्य होता. म्हणून आमच्याकडे काकडी नाही, दगडी प्रवाळही नाही. दगड आहेत, मऊ अंगाचे छत्रीसारखे काही जीव आहेत, आणि पुतण्या त्यालाच रीफ म्हणतो. काकडीच्या जागी वाळू उपसणारा तारामासा आणायचा बेत होता. पण तो वाळूतले सगळे बारीक जीव काही महिन्यांत संपवतो आणि मग उपाशी मरतो, हे कळल्यावर आईने नकार दिला. ह्या घरात कोणी उपाशी मरणार नाही.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी उडतं. पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, तेही गाळून गाळून शुद्ध केलेलं. एका दुपारी पातळी उतरलेली आईला दिसली. तिने देवाचा तांब्या भरून ओतला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं, आणि अलीकडे मोबाइलवरही आलेलं. पुतण्या मीटिंगमध्ये होता, ती तशीच टाकून धावला. कारण तांबं हे या कर्मचाऱ्यांचं विष. माशांना पांढरे ठिपके आले की औषध म्हणून लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं घालतात. मासा बरा होतो आणि तेवढ्याशा मात्रेने गोगलगायी, खेकडे, कोळंब्या जातात. त्याने पाणी बदललं, कोळशाची पिशवी सोडली, रात्रभर बॅटरी मारत बसला. एका तांब्याने काही बिघडलं नव्हतं. सकाळी आजीला शांतपणे समजावताना त्याने एक जास्तीची माहिती दिली. गोगलगायीचं आणि खेकड्याचं रक्त निळसर असतं, कारण आपल्या रक्तात जसं लोह तसं त्यांच्या रक्तात तांबं असतं.

‘‘रक्तातच हाय, मग वरनं दिल्यालं का चालत न्हाई?’’

याला उत्तर आहे, पण ते ऐकवायला आईसमोर उभं राहावं लागतं. त्यापेक्षा प्लास्टिकचा एक मग आणला आणि त्यावर ‘फक्त टाकीसाठी’ असं लिहून ठेवलं. सध्या त्याने वहिनी झाडांना पाणी घालतात.

एवढं सगळं करून टाकी झाली मात्र स्वच्छ. दगड निघाले, काच आरपार झाली, तो डावा कोपरा सोडला तर हिरवं नावाला उरलं नाही. आणि पुतण्या काळजीत पडला. कारण शेवाळ संपलं म्हणजे कर्मचाऱ्यांचं जेवण संपलं. आता त्यांना पोसायचं कशावर? तर शेवाळावर. जपानी लोक भाताला गुंडाळतात ते नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, पाकिटात मिळतं. त्याचा तुकडा चिमट्याने काचेला लावायचा, रात्री टर्बो येऊन खाऊन जातात. घरात शेवाळ झालं म्हणून ते खाणारे विकत आणले, त्यांनी ते खाल्लं म्हणून आता शेवाळ विकत आणतो. दादा आयुष्यभर शेतीचे हिशेब मांडत आले आहेत, पण हा हिशेब मांडायला त्यांनी वही उघडली नाही. आई मात्र खूश आहे. नोरी लावायचं काम तिच्याकडे आलंय, आणि माणसाने ठरवून दिलेल्या मापापेक्षा तिचा तुकडा नेहमी मोठा निघतो. उरलेला विरघळतो. डाव्या कोपऱ्याचं बरं चाललंय.

हे सगळं सोप्यात. मागच्या परसात दादांचं वेगळंच युद्ध चालू असतं. पाऊस लागला की त्यांच्या भाजीवर गोगलगायी चढतात, रात्रीत रोपं बोडकी होतात. २०२२च्या खरिपात लातूर, धाराशिव, बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं अशीच गेली होती. आफ्रिकन गोगलगाय आपल्याकडे आणली ती विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने, १८४७ साली, मॉरिशसहून. कलकत्त्याच्या चौरंगीला बागेत सोडून दिली, असं सांगतात. छंदाला घरातलं कोणी वेळीच आवरलं नाही की काय होतं, याचं उदाहरण म्हणून दादा ते पुतण्याला ऐकवतात. उपाय म्हणून ते गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकतात. गोगलगायी त्याखाली जमतात, सकाळी गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या.

मिठाचं पाणी आमच्या घरात मुबलक. टाकीतलं वीसेक लिटर पाणी दर पंधरवड्याला काढून नवं भरावं लागतं. काढलेलं पाणी टाकायचं कुठे, ही पंचाईत होती. झाडांना चालत नाही, तुळशीजवळ आई नेऊ देत नाही. आता बादली भरली की पुतण्या मागच्या दाराने हाक मारतो आणि दादा पत्र्याचा डबा घेऊन येतात. ज्या पाण्यात सोप्यातल्या गोगलगायींची सरबराई होते, त्याच पाण्यात परसातल्यांचा निकाल लागतो. बापलेकांत एरवी बोलणं बेताचं असतं. त्या दिवशी मात्र पाणी किती खारट, किती लिटर, पुढचं कधी, असं बरंच होतं.

परवा असेच दादा डबा घेऊन आले असताना काचेला नवं नोरी लावलेलं होतं आणि त्याच्याभोवती सगळ्या टर्बो दाटीवाटीने जमल्या होत्या. दादांनी ते वाकून, निरखून पाहिलं.

‘‘भारी जमतात की गा ह्यावर. एक पान दे मला. पोत्याखाली ठिवतो.’’

पुतण्याने एका पाकिटाची किंमत सांगितली.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ दादा डबा उचलत म्हणाले. ‘‘आमच्या गूळच खात्यात.’’